नुक्ता नव्हे, नकटा

माशांवर बोलायला कवी कशाला हवा, असं तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल. हा प्रश्न आमच्या घरातही निघाला. मी प्राणिशास्त्र शिकलेलो नाही. मराठी घेऊन बी. ए. झालो, पोटासाठी नोकरी धरली आणि उरलेल्या वेळात कविता लिहिल्या. माशांशी माझा संबंध आला तो एका शब्दापायी. त्या शब्दाची, आणि तो शब्द ज्याचं नाव आहे त्या माशाची हकीकत आज सांगणार आहे. ती कृष्णाकाठची आहे, म्हणजे सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतल्या आपल्या सगळ्यांची आहे.

माझं बालपण कराडचं आणि नोकरी सांगलीची. गाव बदललं, नदी तीच राहिली. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा वाईवरून खाली येते, माहुलीला तिला वेण्णा भेटते आणि कराडला कोयना. कराडला दोन्ही नद्या अगदी समोरासमोर येऊन एकमेकींत मिसळतात, म्हणून तो प्रीतिसंगम. तिथून कृष्णा पूर्वेकडे वळते, भिलवडी, औदुंबर करत सांगलीला येते आणि सांगलीला लागूनच असलेल्या हरिपुरात वारणेला सोबत घेऊन पुढे जाते.

माझे आजोबा, त्यांना आम्ही दादा म्हणत असू, कराडच्या मंडईत फळं विकायचे. संध्याकाळी संगमावर जाताना मला बरोबर न्यायचे. घरात आम्ही दखनी बोलायचो, दाराबाहेर पाऊल टाकलं की मराठी. पण माशांची नावं घरातसुद्धा मराठीच असायची. वाम, मरळ, शिंगाळा, कोळस. दादांच्या तोंडी त्यांना दुसरी नावंच नव्हती. भोयांनी जे नाव सांगितलं ते आमच्या चुलीपर्यंत आलं आणि तेच राहिलं.

आता त्या शब्दाकडे येतो. २००६ सालची गोष्ट. एका प्राध्यापक मित्रानं मला एका जुन्या इंग्रजी लेखाची झेरॉक्स वाचायला दिली. लेखक कर्नल विल्यम हेन्री सायक्स. हा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला अधिकारी. १८२४ पासून काही वर्षं मुंबई सरकारनं त्याच्याकडे दख्खनची आकडेवारी गोळा करण्याचं काम दिलं होतं. गावं किती, नांगर किती, पिकं कोणती, पाऊस किती, हे सगळं टिपत हा माणूस हिंडला. हिंडता हिंडता त्यानं पक्षी पाहिले, प्राणी पाहिले आणि नद्यांतले मासेही पाहिले. विलायतेला परतल्यावर लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे त्यानं दख्खनच्या माशांवर निबंध ठेवला. त्याचा सारांश १८३९ मध्ये छापून आला आणि सविस्तर लेख चित्रांसह १८४१ मध्ये.

त्या १८३९ या आकड्यापाशी मी थबकलो. सातारकरांना हे साल विसरता येत नाही. याच वर्षी इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवरून दूर केलं आणि काशीला पाठवलं. एका हातानं राज्य काढून घेतलं जात होतं आणि दुसऱ्या हातानं आपल्या नद्यांतल्या माशांची नावं लंडनमध्ये छापली जात होती. दोन्ही कामं एकाच कंपनीच्या माणसांची.

सायक्सची एक गोष्ट मात्र मला फार आवडली. माशांना शास्त्रीय नावं देताना त्यानं पुष्कळदा आपल्या साहेबांची किंवा मित्रांची नावं न घेता इथल्या मासेमारांच्या तोंडचीच नावं उचलली आणि लॅटिनच्या शेपटाला जोडून दिली. खुद्री, कोलुस, पोटेल, ताकरी, सांडखोल, गूंगवारी अशी ती नावं आजही जगभरच्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत आहेत. कुठल्या तरी भोयानं पुण्याजवळच्या नदीत उभं राहून साहेबाला जे सांगितलं ते आज लंडन, पॅरिस, टोकियोतले विद्यार्थी पाठ करतात.

त्या यादीत एक नाव होतं, नुक्ता. पुण्याच्या उत्तरेला इंद्रायणी नदीत हा मासा सायक्सला मिळाला होता. इंद्रायणी म्हणजे तुकोबांची नदी. ती भीमेला मिळते आणि भीमा पुढे कृष्णेला, म्हणजे शेवटी हे सगळं एकच खोरं.

नुक्ता हा शब्द वाचून माझ्यातला कवी हुरळला. उर्दू लिपीत नुक्ता म्हणजे अक्षरावरचा किंवा अक्षराखालचा ठिपका. एवढासा ठिपका, पण त्यानं अर्थ फिरतो. तेच अक्षर, ठिपका वर दिला तर 'खुदा' होतं आणि खाली दिला तर 'जुदा', म्हणजे वेगळा झालेला. लहानपणी मौलवीसाहेबांच्या हातची छडी मी याच ठिपक्यासाठी खाल्ली होती. मला वाटलं, या माशाच्या अंगावर एखादा काळा ठिपका असणार आणि कुणा उर्दू जाणणाऱ्या मुन्शीनं साहेबाला हे नाव सुचवलं असणार. त्या ठिपक्यावर मी एक कविताही लिहिली. ती एका दिवाळी अंकात छापून आली. लोकांनी बरी म्हटली.

हरिपूरला माझ्या ओळखीचे एक भोई होते. वय तेव्हाच सत्तरीच्या आसपास. सगळे त्यांना तात्या म्हणत, मीही तात्याच म्हणायचो. संगमावर संध्याकाळी त्यांच्याजवळ बसायला मला आवडायचं. एकदा मी त्यांना मोठ्या हौसेनं त्या माशाचं चित्र दाखवलं आणि नुक्त्याचा अर्थ समजावून सांगितला. तात्यांनी चष्मा कपाळावर ढकलून चित्र डोळ्यांजवळ धरलं आणि हसायला लागले.

"आवो भाई, नुक्ता-बिक्ता कुठला? नकटा हाय त्यो, नकटा. नाक बघा की त्येचं, कुणी कापल्यागत."

खरंच होतं. या माशाच्या थोबाडावर, तोंडाच्या वर, एक खोल आडवी चीर असते. त्या चिरेमुळे नाकाचा वरचा भाग वेगळा होऊन एखाद्या आखूड शिंगासारखा पुढे आलेला दिसतो. अंगावर ठिपका शोधून मला काय सापडणार होतं!

घरी येऊन मी पुन्हा ती झेरॉक्स काढली. सायक्सच्या लेखनात दख्खन हा शब्द 'दुखुन' असा वाचावा अशा स्पेलिंगात येतो. त्या काळचे इंग्रज आपल्या 'अ'च्या जागी बहुधा यू हे अक्षर घालत. तसं पाहिलं तर 'कोलुस' म्हणजे आपला कोळस आणि 'नुक्ता' म्हणजे सरळसरळ नकटा. चोचीवर गाठ असलेलं एक मोठं बदक आपल्याकडे येतं, त्यालाही मराठीत नकटा म्हणतात, आणि इंग्रज शिकारी त्यालासुद्धा नुक्ताच लिहीत असत. तात्यांच्या बाजूनं एवढा पुरावा मिळाल्यावर मी काय बोलणार? छापलेली कविता परत घेता येत नाही. पण त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. ज्याची भाषा माझी म्हणून मी मिरवतो, त्या मराठीतला शब्द माझ्यासमोर इंग्रजी कपडे घालून आला आणि मी त्याला ओळखलं नाही. अक्षर न शिकलेल्या तात्यांनी एका नजरेत ओळखलं, कारण त्यांनी तो मासा हातात धरला होता.

त्यानंतर मी एक वही केली. तात्या सांगतील ती माशांची नावं तिच्यात लिहायची आणि नावासमोर त्या माशाची ओळख. कुठं राहतो, काय खातो, कधी मिळतो, कोणत्या जाळ्यात सापडतो. दोन-तीन वर्षांत बेचाळीस नावं झाली. वहीचं पहिलं नाव अर्थात नकटा.

तात्यांनी सांगितलेला नकटा असा होता. तो तळाचा मासा. त्याचं तोंड खालच्या बाजूला असतं, कारण त्याचं जेवण खाली असतं. आपल्या नदीचं पात्र काळ्या कातळाचं आणि गोट्यांचं. स्वच्छ उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोचतं, गोट्यांवर शेवाळाचा पातळ थर धरतो आणि नकटा तो खरवडून खातो. म्हणून त्याला वाहतं पाणी लागतं. धारेतले गोटे गाळानं झाकले गेले तर त्याचं ताट झाकलं गेलं असं समजा. उन्हाळ्यात धार आटली की मासे डोहात उतरतात. वळवाचे आणि मृगाचे पाऊस होऊन नदीला पहिला तांबडा लोंढा आला की त्यांची वर चढण्याची धावपळ सुरू होते. त्यांना आपल्याकडे चढणीचे मासे म्हणतात. डोह, धार, वाळू आणि चढणीची वाट, या चार गोष्टी म्हणजे माशाच्या लेखी नदी. नुसतं पाणी म्हणजे नदी नव्हे.

या नकट्याचे भाऊबंद कुठे आहेत ठाऊक आहे? बोर्निओ आणि सुमात्रा बेटांतल्या नद्यांत. मधे भारताचा केवढा भाग, मग समुद्र, आणि पलीकडे असंच चिरलेल्या नाकाचे मासे. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेतले थोर मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांना याचं फार कुतूहल होतं. १९४२ मध्ये त्यांनी आपल्या नकट्यासाठी जो वेगळा उपगट केला त्याचंही नाव 'नुक्ता' ठेवलं. सह्याद्रीतले काही मासे मलायाकडच्या माशांसारखे कसे, याचं उत्तर म्हणून त्यांनी सातपुड्याचा सिद्धांत मांडला. फार पूर्वी सातपुड्याच्या रांगेतल्या ओढ्या-नद्यांतून हे मासे पूर्वेकडून इथवर पोचले, असा त्याचा आशय. आजचे सगळे संशोधक तो मान्य करत नाहीत, वादही आहेत. पण एवढं खरं की हा मासा सातवाहनांच्याही कितीतरी आधीपासून आपल्या खोऱ्यात नांदतो आहे. कृष्णेकाठी वस्ती करून राहिलेल्या आपल्या सगळ्यांत तो जुना.

स्वातंत्र्यानंतरही आपल्या नद्यांकडे काही अभ्यासकांचं लक्ष होतं. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९५२ मध्ये कृष्णेच्या खोऱ्यातला एक नवा मासा जगापुढे आणला. हा पठ्ठ्या दुसऱ्या माशांच्या अंगावरची खवलं उपटून खातो. मासेमार त्याला खवलेचोर म्हणत. कुलकर्ण्यांनी शास्त्रीय नावातही 'खवलचोर' हाच शब्द ठेवला. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, ई. जी. सिलास यांनी महाबळेश्वर आणि वाई इथल्या माशांवर लेख प्रसिद्ध केला. सह्याद्रीचं नाव धारण करणारा एक चिमुकला मासाही त्यांनी त्याच वर्षी नोंदवला. म्हणजे मोठी धरणं होण्याच्या आधी आपल्या नदीत काय होतं, याची थोडीफार नोंद तरी आपल्या हाती आहे.

मग धरणं आली. आपल्याकडे म्हण आहे, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. तात्या ती म्हण नकट्याच्या चढणीला लावायचे.

पहिलं विघ्न भिंतींचं. खोडशीचा बंधारा तर इंग्रजांनी १८६०च्या दशकातच बांधला होता, पण त्याच्यावरून पावसाळ्यात पाणी जायचं. कोयनेची भिंत १०३ मीटर उंच. तिथं कोणता मासा चढणार? शिवाय कोयनेचं पाणी वीज करून पश्चिमेला वाशिष्ठी नदीत सोडलं जातं. त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाण्याची मर्यादा ठरलेली आहे. एवढं पाणी कराडच्या संगमावर न येता चिपळूणच्या बाजूला जातं. मग कृष्णेवर धोम, वेण्णेवर कण्हेर, पुढे उरमोडी, तारळी. सांगली जिल्ह्यात कृष्णेवर धरण नसलं तरी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. सांगलीला आहे, म्हैसाळला आहे. पावसाळा संपला की त्यांना बरगे घालतात आणि पुढचे सात-आठ महिने नदीच्या ऐवजी एकापुढे एक तलाव होतात. तात्या म्हणायचे, "पानी लई हाय भाई, पर व्हातंय कुठं?" जिथं धार नाही तिथं गाळ बसतो, गोटे झाकले जातात आणि शेवाळ खरवडून जगणाऱ्या माशाची उपासमार होते.

इथं मला एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. याच पाण्यावर आमचं घर चाललं. दादांच्या गाड्यावरची केळी आणि पुढे वडिलांच्या गाळ्यावरची द्राक्षं याच नदीतून उचललेल्या पाण्यावर पिकली. माझी बी. ए.ची फी त्यातूनच गेली. तेव्हा धरणाला शिव्या देण्याचा अधिकार मला नाही. दुष्काळी तालुक्यातल्या माणसाला नकट्यासाठी पाणी सोडून दे, असं मी कुठल्या तोंडानं सांगू? माझं म्हणणं एवढंच आहे की हिशेब मांडताना नदीचा रकानाही ठेवायला हवा होता. तो कुणीच ठेवला नाही.

दुसरं विघ्न वाळूचं. पात्रातली वाळू उपसली गेली, डोहांचे आकार बिघडले, अंडी घालण्याच्या जागा गेल्या. तिसरं जिलेटिनचं आणि करंटचं. स्फोट करून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारायला १८९७च्या कायद्यानंच बंदी आहे. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीही हे होत होतं आणि त्या सरकारलाही ते घातक वाटत होतं. अशा मासेमारीत लहान-मोठं काही उरत नाही.

चौथं विघ्न पाहुण्यांचं. आज बाजारात रोहू आणि कटला यांना आपण नदीचा मासा म्हणून घेतो. ते मुळात गंगेकडचे. १९५७ मध्ये ओडिशात माशांना इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावण्याचा प्रयोग यशस्वी झाला, त्यांचं बी स्वस्त झालं आणि देशभरच्या तलावांत, धरणांत सोडलं गेलं. चिलापी तर त्याआधीच १९५२ मध्ये परदेशातून आला. गोरगरिबांना स्वस्त मासा मिळाला, हे चांगलंच झालं. पण साचलेल्या पाण्यात चिलापी मोकाट वाढतो, इथला मासा मागं पडतो. आपणच नदीचा तलाव करायचा आणि तलावातला मासा वाढला म्हणून नवल करायचं!

पाचवं विघ्न मळीचं आणि सांडपाण्याचं. मळीमिश्रित पाणी नदीत आलं की ते कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं. तळाचा मासासुद्धा मग तोंड वर काढून तडफडतो. आणि शहरांचं मैलापाणी, त्यात आपल्या सगळ्यांचाच वाटा. माझ्या घराच्या मोरीचं पाणी शेवटी कुठे जातं, हे मी चाळिशीपर्यंत कधी विचारलंसुद्धा नव्हतं.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत आज नकट्याची नोंद संकटग्रस्त अशी आहे. कृष्णा आणि गोदावरीच्या खोऱ्यांबाहेर जगात तो नाही. इथून गेला तर सगळीकडूनच गेला. २०१२ मध्ये सह्याद्रीला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. त्यात आपलं कास पठार आलं, कोयनेचं अभयारण्य आलं. कासची फुलं बघायला गाड्यांच्या रांगा लागतात. चांगली गोष्ट आहे. फूल दिसतं, मासा दिसत नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

कुणी म्हणेल, हॅचरीत बी तयार करून सोडून द्या की. आपल्याकडे त्याचंही उदाहरण आहे. सायक्सच्याच यादीतला खुद्री, म्हणजे दख्खनचा महासीर. लोणावळ्याला टाटांच्या तलावाकाठी १९७० नंतर याची पैदास सुरू झाली. लाखो पिल्लं देशभर सोडली गेली. एकेकाळी संकटग्रस्त म्हणून नोंदलेला हा मासा आता लाल यादीत निर्धोक गटात आहे. पण त्यातली पिल्लं दक्षिणेत कावेरीतही सोडली गेली. तिथला स्वतःचा एक महासीर होता, पाठीवर कुबड असलेला, प्रचंड वाढणारा. आपला मासा तिथं वाढत गेला आणि त्यांचा आज नाहीसा होण्याच्या उंबरठ्यावर आहे. एकाला वाचवायच्या भरात दुसऱ्याच्या घरात घुसवला. म्हणून नकट्याला वाचवायचं तर त्याच्या स्वतःच्या नदीतच वाचवलं पाहिजे. चार-दोन डोह राखून ठेवावेत, चढणीच्या दिवसांत तिथं जाळं टाकू नये, तिथली वाळू आणि गोटे हलवू नयेत, पात्रात थोडी तरी धार वाहती राहावी. देहू-आळंदीला आणि महाडकडच्या वाळणकोंडीला लोकांनी श्रद्धेनं मासे राखले. त्याला सरकारी योजना लागली नव्हती.

आता त्या वहीचं काय झालं ते सांगतो. ऑगस्ट २०१९ मध्ये महापूर आला. सांगलीकरांना त्याचं वर्णन सांगायला नको. आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. आम्ही आधी माणसं हलवली, मग धान्य, मग कागदपत्रं. वही राहिली. पाणी उतरल्यावर कपाटातून चिखलाचा एक गोळा निघाला, तीच वही. इंद्रायणीनं तुकोबांची गाथा परत केली म्हणतात. कृष्णेनं माझी वही परत केली, पण एकही अक्षर ठेवलं नाही. तशी ती नावं तिचीच होती.

मी नवीन वही घेऊन हरिपूरला गेलो. तात्यांच्या घरातही पाणी आलं होतं. ते खचले होते, बोलताना थांबत होते. दोन-तीन बैठका झाल्या. बेचाळीसपैकी सत्तावीस नावं त्यांना आठवली. काही मला आठवली म्हणून मी विचारली, तर म्हणाले, "असं काय म्हनत हुतो का मी? आसल." बाकीची आता कुणाकडून मिळवायची, हे त्यांनाही सांगता येईना. २०२१च्या पावसाळ्यात तात्या गेले. ती उरलेली पंधरा नावं कुठल्याही साहेबानं लिहून घेतलेली नाहीत.

मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ अंकलीच्या परिसरात कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला. तुम्ही तेव्हाच्या बातम्या वाचल्या असतील, फोटो पाहिले असतील. मी तात्यांच्या नातवाला बरोबर घेऊन गेलो. तोही मासे विकतो, पण बरेचसे तळ्यावरून आणलेले. वास असह्य होता. मी नाकाला रुमाल लावून काठानं चालत होतो आणि एकेका माशाकडे बोट दाखवून त्याला विचारत होतो, हा कोणता? हा कोणता? त्याला चिलापी कळत होता, कटला कळत होता, वाम आणि मरळ कळत होते. बाकी कशालाही विचारलं की तो म्हणायचा, "चाचा, त्यो बारका मासा." चौथ्या-पाचव्या वेळी तो स्वतःच ओशाळला.

त्या ढिगाऱ्यात मी नकटा शोधत होतो. एका अर्थी तो सापडू नये अशी इच्छा होती, आणि सापडला असता तर निदान आपल्याकडे अजून होता एवढं तरी कळलं असतं. तासभर हिंडलो. मला तरी मेलेल्यांतही तो दिसला नाही.

परतताना तो मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आज्जाची ती यादी तुमच्याकडं हाय न्हवं? मला मोबाईलवर टाका." मी त्याच रात्री सत्तावीस नावं टाईप करून पाठवली, प्रत्येक नावासमोर तात्यांनी सांगितलेली खूण. तुमच्या गावातही असं एखादं म्हातारं माणूस असेल. वाईला असेल, माहुलीला असेल, भिलवडीला असेल. त्यांच्याजवळ जरा बसा आणि नदीतल्या माशांची नावं लिहून घ्या. एक प्रत उंच जागी ठेवा, दुसरी दुसऱ्याच्या घरी ठेवा. नाव ठाऊक असलं म्हणजे मासा वाचतो असं नाही. पण ज्याचं नावच ठाऊक नाही, तो गेला हे आपल्याला कळणार तरी कसं?

तेव्हापासून पावसाळा सुरू झाला की तो मुलगा मला अधूनमधून फोटो पाठवतो. जाळ्यात काही वेगळं आलं की लगेच फोटो काढतो आणि खाली लिहितो, चाचा हा का? बहुतेक वेळा चिलापीच असतो. एकदा कोळस होता, एकदा खवलेचोर असावा असं वाटलं. नकटा अजून आलेला नाही. प्रत्येक फोटो उघडताना मी आधी नाकाकडे बघतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)